२४ सप्टेंबर : एक तारीख, दोन घटना

आपल्याकडे तारखा पाळल्या जातात, तपासल्या जात नाहीत. २४ सप्टेंबर ही तपासावी अशी तारीख आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, माणच्या शेजारच्या खटाव तालुक्यातले. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा समाजाचा मूळ विचार. म्हणूनच भटाशिवाय लग्ने लागली.

एकोणसाठ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, त्याच पुण्यात पुणे करार झाला. ऑगस्टमधील मॅक्डोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते. म्हणजे मतदार आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यामध्ये कोणी उरला नव्हता. याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात आमरण उपोषण आरंभले. त्या दडपणाखाली बाबासाहेबांना सही करावी लागली. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. मात्र निवड संयुक्त मतदारसंघातून होणार होती. जागा वाढल्या, किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

एक तरतूद मात्र उरली होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाला सर्वांनी निवडून द्यायचे. १९५० च्या राज्यघटनेत राखीव जागा आल्या, ही प्राथमिक निवडणूक आली नाही. उमेदवार ठरविण्याचे काम पक्षांकडे गेले.

हे माणच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. २००४ च्या निवडणुकीपर्यंत माण हा विधानसभेचा राखीव मतदारसंघ होता; २००९ पासून तो खुला झाला. राखीव असतानाही दलित मतदार अल्पसंख्यच होता. निवडून यायचे तर इतरांची मते हवीत आणि तिकिटासाठी पक्षाची मर्जी हवी. मग दुष्काळात वस्तीवर टँकर येत नसेल, तर प्रतिनिधीने कुणाला दुखवायचे? हा दोष व्यक्तीचा नाही, रचनेचा आहे.

राखीव जागा नकोत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्या नसत्या तर दार उघडलेच नसते. प्रश्न दलालाचा आहे. १८७३ साली तो देवघराच्या दारात ओळखला गेला. १९३२ नंतर तो मतपेटीपाशी उभा राहिला. त्याला तिथेही ओळखणे, हे या तारखेने आपल्यावर सोपवलेले काम आहे.