अर्धा इंच म्हणजे किती?

मुलांनो, कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि घरातल्या एखाद्या लोखंडी पाइपापाशी जा. मोठ्यांना विचारलंत तर 'अर्ध्या इंची आहे' असं सांगतील. आता त्याची बाहेरची जाडी मोजा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण पट्टी दाखवील जवळजवळ २१! पट्टी खोटी नाही आणि प्लंबरकाकाही खोटं बोलत नाहीत. पूर्वी पाइपाच्या भिंती जाड असत आणि आतलं भोक साधारण अर्धा इंच असे. त्यावरून नाव पडलं. पुढे भिंती पातळ झाल्या. बाहेरचं माप मात्र बदललं नाही, नाहीतर जुने आटे नव्या सॉकेटमध्ये बसलेच नसते. भोक वाढलं, नाव राहिलं.

या आट्यांचीच आज गोष्ट सांगायची आहे.

माझा मामेभाऊ अमेरिकेत, टेक्सासमध्ये गावापासून बराच लांब राहतो. तिथे सार्वजनिक नळ नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या टाकीत साठवायचं आणि पंपानं घरात घ्यायचं. मागे त्याचा पंप जळाला. त्यानं इटलीत बनलेला नवा पंप आणला. पंपाचं तोंड एक इंची, दुकानातून आणलेलं निप्पलही एक इंची. पण दोन-तीन फेरे फिरलं आणि जाम! घरात दोन लहान मुलं, पाणी बादलीनं काढायचं आणि दुकान कित्येक मैल दूर. पान्याला जोर लावला असता तर पंपाचं तोंडच तडकलं असतं.

घोळ कुठे होता? १८४१ साली इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. १८६४ मध्ये अमेरिकेच्या विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा कोन पसंत केला. पाइपांचे आटेही पुढे असेच दोन घराण्यांत वाटले गेले. इंग्रजी घराण्याला बीएसपी म्हणतात. ते आपल्याकडे, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात चालतं. अमेरिका आणि कॅनडात एनपीटी. एक इंची पाइपावर इंग्रजी आटे इंचाला ११, तर अमेरिकी साडेअकरा. अर्ध्या आट्याच्या फरकानं निप्पल अडकलं होतं!

पण अडकलं ते एका परीनं बरंच. खरा लबाड आहे तो अर्धा आणि पाऊण इंची पाइप. त्यांवर दोन्ही घराण्यांचे आटे इंचाला १४च, त्यामुळे एकमेकांत बसल्यासारखे वाटतात. कोन मात्र वेगळा, म्हणून मधे बारीक फट राहते. पाणी बाहेर ढकलणाऱ्या बाजूला फट असेल तर थेंब दिसतात, आपण टेफ्लॉन टेप गुंडाळतो. ओढणाऱ्या बाजूला थेंब दिसतच नाही! तिथून पंप हवा ओढतो. मोटर घरघरते, पाणी चढत नाही, आणि पाण्यानं गार राहणारं आतलं सील कोरडं फिरून जळतं. मग लोक पंपाला नावं ठेवतात.

ओळखायचं कसं? दोन तुकड्यांचे बाहेरचे आटे एकमेकांत टेकवून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर घराणी वेगळी. मामेभावानं हेच केलं. मग एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकी आटे असलेला पितळी जोड मिळवला आणि पंप सुरू झाला. (विजेचं त्यानं आधीच पाहिलं होतं. तिथे घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तो वेगळाच विषय.)

आटे जुळले नाहीत म्हणून एक शहरही होरपळलं आहे. ७ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोरला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या नळांना बसेनात! दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. पुढे बंबाच्या जोडांसाठी देशभर एकच माप ठरवण्यात आलं.

आता गंमत बघा. फ्रान्सनं जगाला मीटर दिला, पण तिथेही पाइपाचे आटे इंचाचेच. मात्र पॅरिसच्या दुकानात अर्धा इंची जोड '१५/२१' या नावानं मागतात, म्हणजे आत १५ आणि बाहेर २१ मिलिमीटर. मला हे नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. आणि बँकॉकला गेलात तर 'सी हुन' म्हणायचं. सी म्हणजे चार, आणि एक हुन म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपले सुतार नि गवंडी इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात की नाही? म्हणजे थायलंडचा दुकानदार देतो तो आपला चार सुती पाइपच!