‘द इंग्लिश सर्जन’ : एका माहितीपटाविषयी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावी कुणाला फेफरे आले की माणसे कांदा फोडायला, नाही तर चप्पल शोधायला धावतात. माझ्या थोरल्या चुलतीच्या बाबतीत मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे महाविद्यालयात ‘द इंग्लिश सर्जन’ हा माहितीपट दाखविला तेव्हा त्यातला युक्रेनमधील तरुण रुग्ण मला परका वाटला नाही. मेंदूतल्या गाठीमुळे त्याला झटके येत होते आणि तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

जेफ्री स्मिथ यांनी २००७ साली हा माहितीपट काढला. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील तत्कालीन मेंदूचे शल्यविशारद हेन्री मार्श हे त्याचे नायक. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला. पुढच्याच वर्षी मार्श प्रथम कीव्हला गेले. तिथल्या रुग्णालयांची दैना त्यांनी पाहिली आणि इगोर कुरिलेत्स या जिद्दी डॉक्टरशी त्यांची गाठ पडली. त्यानंतर मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ते वर्षानुवर्षे तिथे जात राहिले. लंडनमध्ये टाकाऊ ठरलेली उपकरणे ते सोबत नेत. कवटीला भोक पाडण्याचे जे पाते लंडनला एकदा वापरून फेकतात, तेच इगोर पुन्हा पुन्हा वापरीत असत.

त्या तरुणावरील शस्त्रक्रिया तो जागा असतानाच होते. पाहताना अंगावर काटा येतो. पण त्यामागे शास्त्र आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, म्हणून डोक्याची कातडी बधिर केली की भागते. रुग्ण बोलत, हातपाय हलवीत असला म्हणजे गाठीबरोबर चांगल्या भागाला तर धक्का लागत नाही ना, हे डॉक्टरांना तत्काळ समजते. शस्त्रक्रिया यशस्वी होते.

माहितीपट एवढाच असता तर ती केवळ विजयगाथा ठरली असती. परंतु मार्श एका खेड्यातही जातात. तिथल्या एका मुलीवर त्यांनी पूर्वी लंडनला नेऊन शस्त्रक्रिया केली होती. ती बिघडली आणि पुढे मुलगी दगावली. तिच्या आईसमोर ते जाऊन बसतात. हेतू चांगला असला म्हणून हात चुकत नाही असे नाही. पण चुकल्यावरही त्या दाराशी परत जाण्याचे धैर्य मला शस्त्रक्रियेहून मोठे वाटले.

त्यानंतरच्या सुट्टीत मी हट्टाने चुलतीला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तिला गोळ्या सुरू झाल्या आहेत. आमच्या घरी आता कांदा भाकरीबरोबरच फुटतो.