चिंचोक्यापासून गंजिफेपर्यंत

उन्हाळ्याच्या तोंडाला उमरगा परिसरातल्या गावांतून फिरले की ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत चिंचा फोडण्याचे काम चाललेले दिसते. गर एका बाजूला, टरफले दुसऱ्या बाजूला आणि मधे चिंचोक्यांचा ढीग. गर बाजारात जातो, चिंचोके खळीच्या कारखान्यांकडे जातात. पण त्याआधी मूठ-दोन मुठी चिंचोके घरातल्या मुलांच्या खिशात गेलेले असतात. फरशीवर घासून एका बाजूने पांढरे केले की ते चल्लस-आठचे फासे होतात. न घासलेले चिंचोके दिवाळीच्या सुटीत पत्त्यांच्या डावात पैशांची जागा घेतात. आजोबांनी पन्नास चिंचोके मोजून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवायचे आणि रात्री शेवटचा चिंचोका कोणाकडे राहतो ते पाहायचे, हा खेळ मराठी घरांना काही नवा नाही.

पैज तर लावायची, पण पैसा मधे आणायचा नाही, यासाठी माणसाने शोधलेली ही युक्ती फार जुनी आहे. आपल्या जिल्ह्यात तर तिची खूण गळ्यात घालून माणसे हिंडतात. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण सारे ओळखतो. ही कवडी एकेकाळी पटावरचा फासा होती आणि बाजारातले सर्वांत लहान नाणेही होती. नाणे म्हणून ती केव्हाच गेली, पण ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ आणि ‘कवडीचुंबक’ हे शब्द मागे ठेवून गेली.

चिंचोका काय, कवडी काय, या आयत्या मिळालेल्या वस्तू. त्या कोणी सांगून घडवून घेतल्या नाहीत. पण खेळणाऱ्याच्या मनात आणखी एक हौस दडलेली असते. आपला डाव आपल्या पसंतीचा असावा, त्यावर आपली खूण असावी आणि पाहुण्याने हातात घेतल्यावर ‘हा कुठून आणलात?’ असे विचारावे. या हौसेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो सध्या नाजूक अवस्थेत आहे.

नाव कोरलेल्या चकत्या

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत पत्त्यांचे वेड होते. डावात लावण्यासाठी लागणाऱ्या चकत्या ही मंडळी थेट चीनमधून, कँटन बंदरातून मागवीत. घराण्याच्या मानचिन्हाचा आराखडा जहाजाने जायचा आणि शिंपल्याच्या चकचकीत चकत्यांवर ते चिन्ह कोरून माल जहाजाने परत यायचा. काही चकत्या गोल, काही लांबट, तर काही चक्क माशाच्या आकाराच्या असत. दोन बाजूंचा हा समुद्रप्रवास पूर्ण होईपर्यंत घरातले लोक काय लावून खेळत असतील कोण जाणे!

अमेरिकेत पोकर रुजला तेव्हा खेळाडू सोन्याचे खडे, सोन्याची भुकटी, नाणी असे हाती येईल ते मांडत. पुढे हस्तिदंत, हाड आणि लाकूड यांच्या चकत्या आल्या. १८८० नंतर माती आणि लाख यांच्या मिश्रणातून साच्यात दाबलेल्या चकत्या तयार होऊ लागल्या. त्यांच्यावर घोडे, पक्षी, फुले, आद्याक्षरे अशी नक्षी असे. गिऱ्हाईकाने सांगावी तशी ती कोरून मिळे. पांढरी चकती सर्वांत स्वस्त, लाल त्याहून मोठी आणि निळी सर्वांत मोलाची, असा रिवाज पडला. शेअर बाजारात भक्कम कंपन्यांच्या समभागांना ‘ब्लू चिप’ म्हणतात, ते या निळ्या चकतीवरूनच.

आजही हौशी लोक घरच्या खेळासाठी अशा चकत्या सांगून करून घेतात. त्यांचा आराखडा वाटतो तितका सोपा नसतो. कॅसिनोतली नेहमीची चकती साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी असते. मातीच्या जातीची चकती साडेआठ ते दहा ग्रॅम भरते. तिचा चेहरा कितीही देखणा केला तरी खेळताना दिसते ती तिची कड, कारण चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. म्हणून कडेवर दुसऱ्या रंगाचे ठिपके घालतात. गठ्ठ्यात एखादी परकी चकती घुसली तर ठिपक्यांची रांग मोडते आणि लगेच कळते. रंग असे हवेत की रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात निळा आणि काळा एक वाटू नयेत. सहा जण खेळणार असतील तर प्रत्येकाला पन्नास धरून तीनशेचा संच लागतो, आणि त्यात लहान मोलाच्या चकत्या सर्वांत जास्त ठेवाव्या लागतात, नाहीतर दर डावाला सुटे करण्यातच रात्र जाते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चकतीमुळे खऱ्या पैशाची बोच कमी होते. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोत शिरताच रोख रकमेच्या चकत्या करून देतात. त्यात मोजणीची सोय आहेच, पण नोट टाकताना थबकणारा हात चकती टाकताना थबकत नाही, हेही आहे. महाराष्ट्रात जुगाराचे अड्डे १८८७ च्या कायद्यापासून गुन्ह्यात मोडतात. घरात मुलांसह खेळायचे तर चकतीमागे पैसा नसावा, चिंचोक्याच्या जागी चकती आली एवढेच असावे.

बादशहाकडे आलेली मागणी

गोल चकती, त्यावर चित्र, आणि घराण्याच्या पसंतीने केलेला संच हे वर्णन ऐकून जुन्या माणसांना दुसराच खेळ आठवेल. तो म्हणजे गंजिफा. आपले पत्ते चौकोनी, गंजिफेची पाने मात्र बहुधा गोल. भारतात या खेळाचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तोही मागणीचाच आहे. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाची फार आवड होती आणि त्याने पाने मागितली होती! पुढे अकबराने जुन्या बारा रंगांच्या गंजिफेत स्वतःच्या पसंतीचे बदल केले, असे अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त लिहितो. मैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४-१८६८) यांनी तर नवनवे खेळ रचून ३६० पानांपर्यंतचे संच योजले. ही राजेलोकांची हौस, पण तिच्यामुळे चिताऱ्यांची घरे चालली.

दख्खनमध्ये दोन प्रकार रूढ झाले. एक ९६ पानांची गंजिफा. तिचे आठ रंग ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश असे. आपल्याकडे तिला चंगकांचनी म्हणत. उमरगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. उर्दूतून शाळा शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना या शब्दांचा अर्थ विचारावा लागला नसता. सफेद म्हणजे चांदीचे नाणे, सुर्ख म्हणजे सोन्याचे आणि बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वरात’ म्हणतात ती हीच. म्हणजे या डावात पैसा चित्रांच्या रूपाने आधीच बसलेला आहे.

दुसरी दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२०. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू, रामाच्या रंगावर बाण. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री बसले तर कृष्णाचा राजा असलेल्याने. तिघे खेळले की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. हुकूम नाही, म्हणून सारी मदार स्मरणशक्तीवर. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या लक्षात राहील तो जिंकतो.

सावंतवाडीचे चितारी

उमरग्याहून सोलापूर, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी येते. या गावातल्या चिताऱ्यांनी गंजिफेची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. पण छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले तशी हाताने रंगवलेल्या पानांची मागणी आटली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अशी वेळ आली की हे काम जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीरच उरले. तेव्हा सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. राणीसाहेबांनी पुंडलिकरावांकडून स्वतः ही कला शिकून घेतली आणि तरुण हातांना शिकवली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काम सुरू झाले. आज गंजिफेचे नाव टिकून आहे ते या खटपटीमुळे. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पान तयार होते कसे? कापडाचे किंवा कागदाचे थर एकमेकांवर चिकटवतात. त्यासाठी लागणारी खळ चिंचोक्याच्या पिठाची! आपल्या ओसरीवरचा चिंचोका इथे असा भेटतो. थर वाळले की घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगाचा हात द्यायचा, मग बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि वरून लाखेचा लेप द्यायचा. पोकरच्या जुन्या चकत्यांतही लाख होती, हे इथे आठवावे.

आता एक हिशेब करा. एका रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत चिन्हे मोजली तर ती पंचावन्न भरतात. दहा रंगांची साडेपाचशे. त्यावर राजा-प्रधानांची वीस चित्रे वेगळी. म्हणजे एक दशावतारी संच म्हणजे पाचशे सत्तर चित्रे, आणि प्रत्येक हाताने काढलेले. गिऱ्हाईक किंमत ऐकून दचकते, तेव्हा हा आकडा त्याला कोणी सांगत नाही.

मागणी नोंदवताना

एखाद्या कुटुंबाने असा संच करून घ्यायचे ठरवले तर काय ठरवावे लागेल? पहिले म्हणजे १२० पानांचा की ९६ पानांचा. दुसरे म्हणजे दरबारी कलम की बाजारी कलम. दरबारी पानाला नक्षीदार किनार असते आणि चित्र भरगच्च असते. बाजारी पान किनारीवाचूनचे, साधे, पण खेळायला तितकेच चोख. खेळण्यासाठीच हवे असेल तर बाजारीत कमीपणा मानू नये. तिसरे म्हणजे आकार. चाळीस गोल पाने एका हातात धरायची आहेत हे ध्यानात घ्यावे. मोठे पान भिंतीवर शोभते, पण हातात मावत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाठीची. चकतीचे काम ओळख देण्याचे, तर पानाचे काम ओळख लपवण्याचे. सगळ्या पानांच्या पाठी एकाच रंगाच्या, डागावाचून आणि सारख्या लेपाच्या हव्यात. एका पाठीवर जरी कुंचल्याचा वेगळा फटकारा राहिला तरी दोन रात्रींत घरातली चलाख पोरे ते पान ओळखू लागतात. म्हणून त्याच वेळी चार-पाच कोरी पानेही करून घ्यावीत. पान हरवले की त्यावर हवे ते चित्र काढून मिळते आणि पाठ जुळते. रंगवलेली पेटी तर हवीच, कारण गंजिफेचे निम्मे रूप पेटीत असते.

डाव मांडला तरच

आज गंजिफेची चित्रे भेटवस्तूंवर आणि शोभेच्या चौकटींत दिसतात. त्यात गैर काही नाही, कारागिराला त्यातून काम मिळते. पण चौकटीत जातो तो राजा, फार तर प्रधान. कासवाची पंजी कोण भिंतीला लावणार? कमंडलूंची सत्ती कोणाच्या दिवाणखान्यात शोभणार? शोभेच्या मागणीवर वीस चित्रे जगतील, पण शंभर पानांना कोणी विचारणार नाही. ती पाने फक्त खेळणाऱ्याला हवी असतात. एक पान कमी पडले तर डाव मोडतो, म्हणून तोच सबंध संच मागतो.

कला वाचवायची म्हणजे ती कपाटात ठेवायची, असे आपण धरून चालतो. गंजिफेच्या बाबतीत ते खोटे आहे. कारागीर पाने रंगवू शकेल, पण दिवसा राम का आणि रात्री कृष्ण का, हे घराघरांतच शिकवले जाते. नियम विसरले गेले की एकशेवीस पानांची नुसती चित्रे होतात. म्हणून चार घरांनी मिळून का होईना, एक संच सांगून करून घ्यावा. सुटीत भावंडांनी तो आळीपाळीने घरी न्यावा, म्हाताऱ्या माणसांपैकी कोणाला खेळ आठवत असेल तर त्यांना मधे बसवावे.

पैज कशाची लावायची, हा प्रश्न आपल्याकडे तरी पडू नये. उन्हाळा आला की ओसरीवर ढीग पडलेलाच असतो.