विश्लेषण : ड्रॅग रेसमध्ये कॅमशाफ्टच्या दोन अंशांना इतके महत्त्व का?

सरळ पट्टा, दोन गाड्या आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. ड्रॅग रेस इतकी सोपी दिसते. अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’च्या ‘प्रो स्टॉक’ गटातील गाड्या हे अंतर साधारण साडेसहा सेकंदांत कापतात. निकाल अनेकदा सेकंदाच्या शंभराव्या किंवा हजाराव्या भागावर लागतो. त्यामुळे इंजिन जोडताना कॅमशाफ्टचा एकेक अंश मोजून बसवला जातो. गिअरवरच्या खुणा जुळवणे तिथे पुरेसे का नसते, ते पाहू.

कॅमशाफ्टचे काम काय?

इनटेक व्हॉल्व्हमधून हवा-इंधन आत येते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळालेला वायू बाहेर जातो. हे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे, हे कॅमशाफ्टवरील उंचवटे, म्हणजे लोब ठरवतात. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. दोघांना चेन, पट्टा किंवा गिअरने जोडलेले असते. आपल्याकडच्या अनेक दुचाकींतील ‘टायमिंग चेन’ हेच काम करते. प्रो स्टॉक इंजिनांना २०१६ मध्ये १०,५०० आरपीएमची मर्यादा घालण्यात आली. या वेगाला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ८७ वेळा उघडतो आणि मिटतो.

कॅम पुढे-मागे केल्याने काय होते?

पिस्टन तळाला जाऊन पुन्हा वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. इंजिन वेगात असेल तर आत येणारी हवा स्वतःच्या जोराने शिरत राहते. आरपीएम कमी असेल तर हा जोर नसतो आणि पिस्टन काही हवा उलट बाहेर ढकलतो. कॅम ‘ॲडव्हान्स’ केला की व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि खालच्या आरपीएमला टॉर्क वाढतो. ‘रिटार्ड’ केला की तो उशिरा मिटतो आणि वरच्या आरपीएमला ताकद मिळते. म्हणूनच जड गाडीला सुटताना जोर कमी पडत असेल तर कॅम थोडा ॲडव्हान्स करून पाहतात. सुटतानाच टायर जागेवर फिरत असतील तर रिटार्डचा विचार होतो.

खुणांवर भरवसा का ठेवत नाहीत?

गिअरमधील चावीची खाच, कॅमच्या टोकाची पिन, लोबचे ग्राइंडिंग या प्रत्येकात किंचित फरक असू शकतो. हे फरक एकाच दिशेने साचले तर खुणा अचूक जुळूनही कॅम दोन-तीन अंश चुकीचा बसतो. चेन ताणली गेली की कॅम आणखी मागे पडतो.

मोजणी कशी होते?

क्रँकशाफ्टच्या टोकाला ३६० अंशांची तबकडी, म्हणजे डिग्री व्हील लावतात. आधी पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान शोधायचे असते. तिथे पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा असतो, त्यामुळे नुसत्या नजरेने ते सापडत नाही. म्हणून पिस्टनला वाटेत अडवणारा स्टॉप बसवतात आणि क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवतात. एकीकडे २८ आणि दुसरीकडे ३२ अंश आले, तर तबकडी किंवा काटा सरकवून दोन्हीकडे ३० आणतात.

मग इनटेक लोबवर चालणाऱ्या लिफ्टरला डायल गेज लावतात. लिफ्टर सर्वांत उंच असताना गेज शून्यावर आणतात. त्या शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे १.२७ मिलिमीटर खाली असताना तबकडीवरचे आकडे टिपतात. समजा, ६८ आणि १४८ आले. बेरीज २१६, निम्मे १०८. कॅमसोबत आलेल्या कार्डावर १०६ लिहिलेले असेल, तर कॅम दोन अंश रिटार्ड बसला आहे. तो ॲडव्हान्स करताना कॅम मात्र एकच अंश फिरवावा लागतो, कारण मोजणी क्रँकच्या अंशांत असते. ही वाचने घेताना क्रँक इंजिनाच्या दिशेनेच फिरवायचा. उलटा फिरवला तर चेनमधील ढिलाई आकडे बिघडवते.

चुकले तर काय?

पिस्टन वरच्या टोकाला असताना काही क्षण दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. कॅम ॲडव्हान्स केला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, रिटार्ड केला की एक्झॉस्ट. म्हणून इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड वेगात अधिक ताणले जातात, त्यामुळे तिथे आणखी जागा लागते. हे अंतर तपासण्यासाठी पिस्टनवर मॉडेलिंगची माती ठेवून, हेड बसवून इंजिन हाताने फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात. ही तपासणी टाळली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला, तर पूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

अंतिम निकाल कुठे?

कार्डावरचा आकडा ही केवळ सुरुवात असते. गाडीचे वजन, गिअर आणि टायर यांनुसार योग्य जागा बदलते. त्यामुळे कॅम एका वेळी साधारण दोन अंश सरकवून, बाकी काही न बदलता गाडी पळवतात आणि वेळेच्या पावतीवरचे दोन आकडे पाहतात : पहिल्या ६० फुटांचा वेळ आणि शेवटचा वेग. कॅम ॲडव्हान्स केल्यावर पहिला सुधारला, पण दुसरा घसरला, तर सुरुवातीला कमावलेले शेवटी गमावले जात आहे का, हे एकूण वेळेवरून कळते. बदल केल्यावर व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर मात्र दर वेळी पुन्हा तपासावे लागते.