ल्युरमधील गंध आणि अतिसूक्ष्म छिद्रांचे गणित

वांग्याच्या शेतातील कामगंध सापळ्यात पतंग येईनासे झाले, की शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव ओसरला, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. वास्तविक अनेक ठिकाणी पतंग शेतात असतातच. संपलेला असतो तो ल्युरमधील गंध.

या किडीच्या व्यवस्थापनात सापळ्यांना महत्त्वाचे स्थान आहे. वाराणसीची भारतीय भाजीपाला संशोधन संस्था 2000 नंतरच्या काळात दक्षिण आशियातील ज्या संयुक्त प्रकल्पात सहभागी होती, त्याचे सूत्र त्रिविध होते : कीडग्रस्त शेंडे काढून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे आणि मित्रकीटकांच्या रक्षणासाठी कीटकनाशकांचा वापर टाळणे.

रबरी ल्युरमधील गंधरेणू रबराच्या रेणुसाखळ्यांमधील फटींतून वाट काढत पृष्ठभागावर येतात व हवेत मिसळतात. या क्रियेस विसरण म्हणतात. गंध बाहेर पडण्याचा वेग साधारणतः शिल्लक साठ्याच्या प्रमाणात असतो. म्हणून आरंभी तो भरपूर सुटतो व पुढे घटत जातो. ठरावीक काळात साठा निम्मा होत असल्याने दुप्पट मात्रा भरली तरी ल्युरचे आयुष्य दुप्पट होत नाही. तेवढ्या एकाच काळाने वाढते. उष्णतेने हा वेग वाढतो. वाराणसीत मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा ल्युर हिवाळ्यापेक्षा लवकर निकामी होते.

गंध दीर्घकाळ समप्रमाणात सुटावा, यासाठी सच्छिद्र वाहक पदार्थांचा विचार होतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमसीएम-41 या सिलिकात काही नॅनोमीटर व्यासाच्या समांतर नळ्या असतात. नळी इतकी अरुंद असेल, की रेणूंना एकमेकांस ओलांडता येत नाही, तर विसरणाचा नियमच बदलतो. काशीच्या अरुंद गल्लीत पुढे सांड उभा राहिला, की मागची सारी रांग खोळंबते, तसेच हे. मोकळ्या जागी दुप्पट अंतरास चौपट वेळ लागतो. लांब, गर्दीच्या एकेरी रांगेत मात्र सुमारे सोळापट.

अशा नळ्यांत उत्प्रेरक बसवून बहुवारिकाच्या साखळ्या वाढवण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील आयोवा येथील संशोधकांनी या क्रियेचे संगणकीय प्रारूप मांडले. त्यात नळीचे चौकटींत विभाजन करून प्रत्येक रेणूची हालचाल व जोडणी संभाव्यतेने ठरवली जाते. वाढती साखळी स्वतःच नळी अडवते आणि नव्या कच्च्या रेणूंचा मार्ग रोखते. साखळीची लांबी रसायनाइतकीच वाटेच्या रुंदीवरही अवलंबून राहते. गंधवाहक पदार्थ निवडतानाही हेच तत्त्व उपयोगी आहे : छिद्राचा व्यास व रेणूचा आकार यांचे गुणोत्तर पाहिल्याशिवाय ल्युर किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही.

शेतकऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. ल्युर लावल्याचा दिनांक सापळ्यावर लिहावा. उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ते बदलावे. कडक उन्हाळ्यात त्याआधीच बदलणे हिताचे. न वापरलेली ल्युर बंद पाकिटात थंड जागी ठेवावीत. सापळा रिकामा दिसल्यास प्रथम नवे ल्युर लावून काही रात्री निरीक्षण करावे आणि सुकलेले शेंडे तपासावेत. त्यानंतरच कीड नाही, असे म्हणावे.