तळपायांची आग : थांबली की हरपली?

श्रीगोंद्याच्या परिसरात उसाच्या व लिंबाच्या शेतांत अनवाणी राबणारा रुग्ण तळपायांच्या आगीसाठी औषधालयातून तेल नेतो, घरी काशाची वाटी घासतो. हातापायांची सुप्तता व दाह ही चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे म्हणून सांगितली आहेत. म्हणून तेल देण्यापूर्वी रक्तशर्करा तपासून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

मधुमेहात बहुधा सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात. त्यामुळे बधिरता बोटांपासून वर चढते. रुग्णास डोळे मिटावयास सांगून १० ग्रॅमचा नायलॉन तंतू तळव्यास टेकवावा, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवावा व घोट्याचा प्रतिक्षेप पाहावा. टाचांवर चालता न येणे, बोटे आकड्यासारखी वळणे, मांडी दुखून कृश होणे ही चिन्हे स्नायूंचाही ऱ्हास दर्शवितात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वगळावी.

आग शमली म्हणजे गुण आला, असे लगेच मानू नये. कदाचित संवेदनाच हरपली असेल. अशा पायास स्वेदन दिल्यास भाजलेले कळत नाही आणि त्या जखमेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी परीक्षा, मगच शेक.