स्वमग्न बालकाची तपासणी व तदनंतरची व्यवस्था

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली असता मान वळवीत नाही, अशी काळजी आईने बोलून दाखविली की आपल्या घरांतून बहुधा एकच उत्तर मिळते: "ह्याचे काकाही उशिराच बोलू लागले." हे उत्तर प्रेमापोटी दिलेले असते. परंतु त्या एका वाक्यावर विसंबून कित्येक मुलांची अमोल वर्षे हातची जातात. मेंदूची जडणघडण सर्वांत वेगाने होते ती नेमकी हीच वर्षे होत. म्हणून आदिलाबाद जिल्ह्यातील व्यापारी बंधुभगिनींपुढे हा विषय थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजीत जिला ऑटिझम म्हणतात, ती स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. ती मेंदूच्या वाढीची एक निराळी रीत होय. इतरांशी संवाद साधणे ह्या मुलांना जड जाते. तीच ती कृती ती पुनःपुन्हा करतात. आवाज, प्रकाश किंवा स्पर्श काहींना असह्य होतो. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास करून तिचे वर्णन केले. पुढे अनेक वर्षे आईच्या थंडपणाला दोष दिला गेला. तो सर्वस्वी खोटा ठरला. लस टोचल्याने स्वमग्नता येते हा समजही निराधार होय. ज्या शोधनिबंधामुळे तो पसरला, तो १९९८ चा निबंध लॅन्सेट ह्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

वर्षाचे मूल हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, अथवा कोणत्याही वयात आलेली भाषा गळू लागली असेल, तर थांबू नये. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुले तपासतात. आपली मुले बहुधा खाजगी शाळांत असल्यामुळे ती ह्या तपासणीतून सुटतात. तेव्हा पालकांनी स्वतःहून जाणे अवश्य आहे.

आरंभ आदिलाबाद शहरातील रिम्स रुग्णालयाच्या बालरोग विभागात करावा. प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला उत्तर देत नाही. स्वमग्नता दाखविणारी रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे छायाचित्र अस्तित्वात नाही. निदान होते ते मुलाचे निरीक्षण करून व पालकांना विचारून. म्हणून मूल कधी काय करू लागले ह्याची टिपणे आणि घरी खेळतानाची चित्रफीत सोबत न्यावी. विस्तृत तपासणीसाठी सिकंदराबाद येथील मनोविकास नगरात १९८४ साली स्थापन झालेली बौद्धिक दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था आहे. स्वमग्नता मोजण्याची भारतीय मोजपट्टी ह्याच संस्थेत तयार झाली. तीत चाळीस बाबी असून प्रत्येकीस एक ते पाच गुण दिले जातात.

आपल्या भागात एक अडचण विशेष आहे. घरात मराठी, मारवाडी किंवा गुजराती, शाळेत तेलुगू व इंग्रजी, आणि बाजारात हिंदी-उर्दू. "एवढ्या भाषांमुळे मूल गोंधळले," असे सांगितले जाते व घरची भाषा बंद केली जाते. अनेक भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, किंवा वाढतही नाही. घरची भाषा बंद केल्यास मूल आजीच्या बोलण्यालाही मुकते. तपासणाऱ्यास मात्र मूल कोणती भाषा ऐकते ते स्पष्ट सांगावे.

निदान आणि दिव्यांगत्वाचा दाखला ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाखल्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अशा आश्रितासाठी ७५,००० रुपयांची, व दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

परंतु ह्यांपैकी कोणत्याही कागदासाठी शिकवणे अडवून ठेवू नये. वाचा-उपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञ आठवड्यात एखाददोन तास देतील. उरलेला सारा वेळ मूल घरच्यांजवळ असते. दिनक्रम चित्रांनी दाखविणे, एका वेळी एकच छोटी सूचना देणे, मुलाने डोळ्यांनी वा हाताने केलेली मागणी ओळखून तिला शब्द देणे, हे आईबरोबर वडिलांनी व आजोबांनीही शिकून घ्यावे. मंडल पातळीवर तेलंगणात 'भविता' केंद्रे आहेत. तेथेही चौकशी करावी.

पैसा हाती असला की फसवणुकीचे भयही असते. मूलपेशींच्या उपचाराने स्वमग्नता बरी होते असे सांगून लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये अशा उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. ती रक्कम शिक्षकावर खर्चावी.

शेवटी वारशाविषयी. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमू शकते. पेढीची भागीदारी व मृत्युपत्र ह्यांचा विचार करताना ह्या मुलाचा हिस्सा आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती लेखी ठरवून ठेवावी.

मुलींच्या लग्नाला अडथळा येईल ह्या भीतीने पुष्कळ घरे हे लपवितात, आणि लपविण्याची किंमत ते मूल मोजते. सभासद बंधूंनो, ज्याच्या घरी असे मूल आहे त्याला बोलावेसे वाटेल इतका आपलेपणा आपल्या पेढीवर असावा, एवढीच आमची विनंती आहे.